मीटरपासून सुरुवात : पर्यावरणस्नेही राहणीतून पैसे वाचवण्याची मार्गदर्शिका

पर्यावरणाला जपून राहायचे म्हणजे खिशाला चाट बसणारच, असा समज रूढ आहे आणि तो अगदीच निराधार नाही. दुकानातल्या ज्या वस्तूवर हिरवे पान छापलेले असते, ती शेजारच्या साध्या वस्तूपेक्षा बहुधा महाग असते. मात्र घरखर्चाच्या वहीत दर महिन्याला वीज, इंधन, पाणी, अन्न आणि प्रवास यांच्या नावे जी रक्कम पडते तिच्याकडे पाहिले, तर वेगळेच चित्र दिसते. या पाचही बाबतींत वापर कमी झाला की बिल कमी होते आणि धूर, कचरा व पाण्याचा उपसाही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून नवख्या माणसाने सुरुवात या खर्चापासून करावी आणि बांबूचे ब्रश, काचेच्या बरण्या वगैरेंची खरेदी अगदी शेवटी ठेवावी, असे माझे मत आहे. पुढील पायऱ्यांचा क्रमही त्याच हिशेबाने लावला आहे : आधी बिनखर्चाचे बदल, मग किरकोळ खर्चाचे, आणि नवे उपकरण घेण्याचा विचार सर्वांत शेवटी.

पहिली पायरी : महिनाभर केवळ नोंदी

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नये. आठवड्यातील एक वार ठरवावा आणि त्या दिवशी ठरावीक वेळी वीजमीटरवरील आकडा, तसेच पाण्याचे मीटर असल्यास त्यावरील आकडा वहीत लिहून ठेवावा. गाडीत भरलेले इंधन, स्वयंपाकाचे इंधन किती दिवस पुरले आणि कोणते अन्न टाकून द्यावे लागले, याचीही नोंद त्याच पानावर करावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु आपला पैसा नेमका कोठून गळतो हे ठाऊक नसताना केलेली काटकसर बहुधा चुकीच्या ठिकाणी होते. मी स्वतः काही महिने रोज रात्री फोनचा चार्जर न विसरता काढून ठेवत असे, आणि त्याच घरात पाणी तापवण्याचे यंत्र दिवसभर चालू राहत असे. फोन न लावलेला आधुनिक चार्जर अर्ध्या वॉटहूनही कमी वीज घेतो, हे मला फार उशिरा कळले.

विजेचा हिशेब अवघड नाही. एक युनिट म्हणजे १,००० वॉटचे उपकरण एक तास चालल्यावर लागणारी वीज. उपकरणाच्या मागील पट्टीवर वॉटचा आकडा छापलेला असतो. त्याला वापराच्या तासांनी गुणून १,००० ने भागले की युनिट मिळतात. या हिशेबाने २,००० वॉटचा हीटर अर्ध्या तासात एक युनिट खातो, तर १० वॉटचा दिवा तेवढ्याच विजेवर १०० तास जळतो. फ्रिज किंवा वातानुकूलन यंत्र यांचा कंप्रेसर मात्र थांबत थांबत चालत असल्यामुळे त्यांच्या बाबतीत पट्टीवरचा आकडा फसवा ठरतो. त्यांचा खरा वापर प्लग आणि उपकरण यांच्यामध्ये लावायच्या छोट्या मीटरने मोजता येतो आणि असा मीटर दोन-चार घरांनी मिळून घेतला तरी पुरतो.

याच महिन्यात एक चाचणी अवश्य करावी. रात्री निजण्यापूर्वी दिवे, पंखे आणि इतर सर्व उपकरणे नेहमीप्रमाणे बंद करून मीटरचा आकडा लिहावा, आणि सकाळी कोणीही काही चालू करण्यापूर्वी तो पुन्हा पाहावा. मधल्या वेळेत जी वीज गेली ती फ्रिजची आणि बंद असल्याचा आभास निर्माण करणाऱ्या उपकरणांची. एक वॉटचे उपकरण वर्षभर अखंड चालू राहिले तर ८.७६ युनिट वीज लागते. म्हणजे केवळ लाल दिवा दाखवत बसलेले ५ वॉटचे उपकरण वर्षाला जवळजवळ ४४ युनिट खाते. दूरचित्रवाणीसोबतचा सेट-टॉप बॉक्स, जुने ध्वनियंत्र, खेळांचे यंत्र आणि संगणकाला जोडलेली उपकरणे हे यातले नेहमीचे संशयित होत. त्यांना अनेक प्लग बसणाऱ्या एका पट्टीवर (एक्स्टेंशन बोर्डवर) आणून एकच स्विच लावला की रोजची आठवण ठेवण्याचा प्रश्न उरत नाही.

दुसरी पायरी : उष्णतेचा हिशेब

घरातील ऊर्जेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती अशी की प्रकाश आणि हालचाल स्वस्त असतात, उष्णता महाग असते. एक लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि एका युनिटमध्ये ३,६०० किलोज्यूल असतात. वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला, वाटेतली गळती धरली नाही तरी, सुमारे ०.५८ युनिट लागते. तेवढ्याच विजेवर ९ वॉटचा एलईडी दिवा ६४ तास जळतो. स्नानगृहातला दिवा विसरला म्हणून मुलांना रागावणाऱ्या पालकांनी त्याच स्नानगृहातून रोज किती गरम पाणी वाहून जाते, हेही एकदा पाहावे.

शॉवर वापरला जात असल्यास त्याखाली बादली ठेवून एका मिनिटात किती लिटर पाणी पडते ते मोजावे. मिनिटाला १२ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे घालवली तर ९६ लिटर पाणी लागते आणि ते २५ अंशांनी तापवलेले असेल तर सुमारे २.८ युनिट ऊर्जा त्यासोबत मोरीत जाते. मिनिटाला ७ लिटर सोडणारे तोंड बसवले की तेवढ्याच वेळेत ५६ लिटर पाणी आणि सुमारे १.६ युनिट एवढ्यावर भागते. स्नानाचा वेळ दोन-तीन मिनिटांनी आटोपता घेतला तर फुकटातली बचत वेगळी. साठवणीच्या गीझरमधले पाणी वापर नसतानाही हळूहळू निवत असते आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तापवत राहते. म्हणून तो गरजेपुरता आधी चालू करून नंतर बंद करणे बहुतेक घरांत फायद्याचे ठरते. त्याचे तापमान मात्र बचतीच्या भरात फार खाली आणू नये. लिजिओनेला नावाचे जिवाणू कोमट साठवलेल्या पाण्यात वाढतात आणि त्यांना रोखण्यासाठी टाकीतले पाणी ६० अंशांच्या आसपास तापू देणे सुरक्षित असते. इतके गरम पाणी त्वचा भाजू शकते, त्यामुळे अंगावर घेण्यापूर्वी त्यात थंड पाणी मिसळावेच लागते.

कपडे धुण्याच्या यंत्राचेही तसेच आहे. गरम पाण्याचा कार्यक्रम निवडला तर यंत्राच्या विजेचा फार मोठा भाग पाणी तापवण्यातच जातो. ढोल फिरवणाऱ्या मोटारीला त्या मानाने थोडी वीज लागते. रोजचे, फारसे न मळलेले कपडे थंड पाण्यात चांगले निघतात, रंग टिकतात आणि कापडही लवकर विरत नाही. आजारी माणसाची चादर, लहान बाळाचे लंगोट, फार तेलकट कपडे एवढ्यांसाठी गरम पाणी राखून ठेवावे. यंत्र पूर्ण भरल्यावरच लावावे आणि साबणाची भुकटी पाकिटावर सांगितलेल्या मापानेच घालावी, कारण जादा फेस धुवून काढायला जादा पाणी लागते.

कपडे वाळवताना तर भौतिकशास्त्र आणखी कठोर होते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतात. ओल्या कपड्यांच्या एका खेपेत दोन लिटर पाणी असेल, तर तापकावर चालणाऱ्या साध्या ड्रायरला त्यासाठी निदान सव्वा युनिट मोजावे लागते आणि प्रत्यक्षात त्याहून अधिकच लागते. दोरीवर हेच काम ऊन आणि वारा विनामूल्य करतात. हवामानामुळे यंत्राशिवाय गत्यंतरच नसेल, तर कपडे जास्त वेगाने पिळून घ्यावेत. पाणी फिरवून काढणे ते उकळून घालवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

स्वयंपाकघरात ही पायरी सर्वाधिक वेळा उपयोगी पडते. उघड्या भांड्यातल्या पाण्याला उकळी फुटली की त्याचे तापमान १०० अंशांच्या आसपास स्थिर होते आणि त्यानंतर आच कितीही मोठी ठेवली तरी अन्न लवकर शिजत नाही, केवळ वाफ अधिक होते. म्हणून उकळी येईपर्यंत मोठी आच, उकळी आल्यावर झाकण आणि मंद आच, हा नियम पाळावा. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांना उकळते आणि शिजण्याचा वेळ बराच कमी होतो. शिटी सुरू झाल्यानंतर आच कमी करायला विसरले, तर त्यातला निम्मा फायदा हातचा जातो. कडधान्ये रात्रभर भिजवणे, भांड्याच्या बुडापेक्षा मोठी शेगडी न वापरणे, आणि चहासाठी हवे तेवढेच पाणी मोजून ठेवणे या सवयींना पैसे लागत नाहीत. गॅसच्या उघड्या ज्योतीची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूंनी निसटते, तर इंडक्शन शेगडीत ती थेट भांड्याच्या बुडाशी निर्माण होते, त्यामुळे ऊर्जेची नासाडी कमी होते. ऊर्जा वाचली म्हणजे पैसे वाचलेच असे मात्र नाही. ते आपल्याकडच्या विजेच्या आणि गॅसच्या दरांवर अवलंबून असते, तेव्हा शेगडी बदलण्यापूर्वी वहीतले आकडे समोर घेऊन बसावे.

तिसरी पायरी : थंडावा विकत घेण्यापूर्वी

थंड करणे म्हणजे उष्णता एका जागेहून उचलून दुसरीकडे टाकणे, आणि या कामात सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उष्णता आत येऊच न देणे. उन्हाची तिरीप काचेतून आत आल्यावर पडदा ओढला तर ती उष्णता खोलीतच राहते. तीच तिरीप बाहेरच्या बाजूला छज्जा, चटई, वेल किंवा झडप लावून अडवली तर तावदान तापतच नाही. सकाळी आणि रात्री खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी आणि बाहेर उकाडा वाढू लागला की त्या बंद कराव्यात. थंड प्रदेशात हाच विचार उलटा करावा लागतो : दिवसा ऊन आत घ्यावे, संध्याकाळ होताच जाड पडदे ओढावेत आणि दारा-खिडक्यांच्या फटी पट्टी लावून बुजवाव्यात.

वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वर ठेवले तर त्याच्या विजेत साधारण ६ टक्के बचत होते, असा हिशेब धरला जातो. २० ऐवजी २५ किंवा २६ अंशांवर यंत्र ठेवून सोबत पंखा मंद फिरता ठेवला, तर अंगाला तेवढेच बरे वाटते. पंखा खोली थंड करत नाही, घाम सुकवून माणसाला थंड करतो. त्यामुळे रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवणे व्यर्थ आहे. यंत्राची गाळणी हंगामात दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावी.

फ्रिज वर्षातले सर्व दिवस चालतो, म्हणून त्याच्याकडे स्वतंत्रपणे पाहावे. आतले तापमान ३ ते ५ अंश आणि बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश पुरेसे असते. दाराच्या रबरी पट्टीची परीक्षा घेण्यासाठी दारात एक कागद अडकवून ओढून पाहावा. तो सहज सरकला तर पट्टी सैल झाली आहे आणि नवी बसवण्याचा खर्च वसूल होण्याजोगा आहे. मागच्या नळ्यांवरची धूळ झाडावी, भिंतीपासून थोडे अंतर ठेवावे, शेगडीशेजारी किंवा उन्हात फ्रिज ठेवू नये, आणि शिजलेले अन्न वाफ जाऊन निवल्यावर, पण दोन तासांच्या आत, आत ठेवावे. घरात जुना दुसरा फ्रिज असेल तर तो कशासाठी चालू आहे हे घरच्यांना एकदा विचारावे. बहुधा उत्तर मिळत नाही.

चौथी पायरी : पाण्याची गळती

या पायरीला एक सुट्टीची सकाळ पुरे. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ क्षुल्लक वाटतो, पण एका थेंबात पाव मिलिलिटर पाणी धरले तरी दिवसाला २१ लिटरहून अधिक आणि वर्षाला सुमारे ७,९०० लिटर पाणी जाते. बहुतेक वेळा दोष झिजलेल्या वॉशरचा असतो आणि तो बदलणे हे घरातले कोणीही शिकू शकेल असे काम आहे. फ्लशच्या टाकीची गळती मात्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. ती पकडण्यासाठी टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास कोणी फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर आतली झडप गळते आहे हे नक्की. पाण्याचे मीटर असल्यास सर्व नळ बंद करून तासाभराच्या अंतराने त्याचे दोन आकडे ताडून पाहावेत, म्हणजे भिंतीतली किंवा जमिनीखालची गळतीही कळते.

त्यानंतर नळांच्या तोंडाशी हवा मिसळणाऱ्या बारीक जाळ्या बसवाव्यात. धार भरलेली वाटते, परंतु पाणी जवळजवळ निम्म्याने कमी येते. बादली भरण्याच्या नळाला ही जाळी लावू नये, कारण बादलीला तेवढेच पाणी लागते आणि वाया जातो तो केवळ आपला वेळ. जुन्या फ्लशच्या टाक्या एका खेपेला १० लिटरहून अधिक पाणी सोडतात. टाकी बदलणे शक्य नसेल तर पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली बाटली आत झडपेपासून दूर ठेवावी, म्हणजे बाटलीत जेवढे पाणी मावते तेवढे प्रत्येक वेळी वाचते. भाज्या धुतलेले पाणी झाडांना घालता येते, हे कोणी सांगण्याची गरज नसावी.

पाचवी पायरी : टाकून दिलेले अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतून गेले. माणशी हिशेब केला तर घरांतली नासाडी वर्षाला ७९ किलो भरते. या अन्नासाठी आपण दुकानात एकदा पैसे दिलेले असतात, ते शिजवण्यासाठी किंवा थंड ठेवण्यासाठी दुसऱ्यांदा देतो, आणि कचऱ्यात गेल्यावर ते कुजून मिथेनसारखा वायू सोडते. वीज वाचवण्याच्या कित्येक खटपटींपेक्षा ही एक गळती बुजवणे अधिक फायद्याचे असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, कारण तिचे बिल वेगळे येत नाही.

पहिल्या महिन्याच्या वहीत टाकलेल्या अन्नाची जी यादी झाली असेल, तिच्यात दोन-तीनच जिन्नस पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. सर्व सवयी बदलण्याऐवजी केवळ तेवढ्या जिन्नसांची खरेदी निम्मी करावी. बाजारात जाण्यापूर्वी फ्रिज आणि डबे उघडून पाहावेत व त्यानंतर यादी करावी. भुकेल्या पोटी खरेदीला जाऊ नये. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा लवकर संपवायच्या पदार्थांसाठी राखावा, कारण मागे सरकलेले भांडे विस्मरणात जाते. आठवड्यातून एक जेवण नवीन काही न आणता, असेल त्यातून करायचे असे ठरवले, तर तो कप्पा आपोआप रिकामा होतो.

पाकिटावरच्या तारखांचा अर्थही समजून घ्यावा. 'या तारखेपूर्वी उत्तम' असे लिहिलेले असते तेव्हा ती चव आणि दर्जा यांची मर्यादा असते. तारीख उलटून गेल्यावरही नीट साठवलेला कोरडा पदार्थ वास, रंग आणि चव पाहून खाता येतो. 'या तारखेपर्यंतच वापरा' ही सूचना मात्र नाशवंत पदार्थांवर सुरक्षिततेसाठी दिलेली असते आणि तिथे काटकसर करू नये. मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून घेतले आणि त्यातला तिसरा हिस्सा टाकला, तर ते छोट्या पाकिटापेक्षा महाग पडले.

एवढे करूनही साली, देठ आणि चोथा उरतोच. त्याचे खत करताना बहुतेकांची चूक एकच होते : ओला कचरा फार आणि सुका फार कमी. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला, लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा यांचा तेवढाच किंवा दुप्पट थर पसरावा आणि आठवड्यातून एक-दोनदा ढवळावे. दुर्गंधी आली तर सुका माल वाढवावा. काहीच कुजत नसेल तर थोडे पाणी शिंपडावे.

सहावी पायरी : घरात आहे ते आधी वापरून संपवा

पर्यावरणाची आस्था वाटू लागली की पहिली ऊर्मी खरेदीची होते. मीही प्लॅस्टिकचे चांगले डबे देऊन टाकून काचेच्या बरण्या आणल्या होत्या. त्यांपैकी दोन पहिल्याच महिन्यात फुटल्या. वस्तू बनवताना जी सामग्री आणि ऊर्जा खर्च व्हायची ती होऊन गेलेली असते, त्यामुळे घरातली टिकाऊ वस्तू अधिक वर्षे वापरणे हाच बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी हानीचा पर्याय असतो. ज्या डब्याला तडे गेले आहेत किंवा जो गरम अन्नासाठी योग्य नाही, त्याला सुट्या वस्तू ठेवण्याचे काम द्यावे. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ साली पिशव्यांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ हवामानबदलाचा निकष लावला तरी साध्या सुती पिशवीला दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करण्यासाठी किमान ५२ वेळा वापरावे लागते, असे त्यात आढळले, आणि सर्व निकष एकत्र धरले तर हा आकडा ७,१०० वर जातो. सुती पिशवी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. एकच पिशवी वर्षानुवर्षे वापरावी आणि समारंभात फुकट मिळणारी दहावी पिशवी नम्रपणे नाकारावी, एवढाच याचा अर्थ.

ज्या वस्तू वारंवार विकत घेऊन फेकल्या जातात, त्यांच्या बाबतीत मात्र टिकाऊ पर्याय लवकर पैसे फेडतो. कागदी रुमालांऐवजी जुन्या सुती कपड्यांचे तुकडे, एकदाच वापरायच्या बॅटऱ्यांऐवजी शेकडो वेळा भारित होणाऱ्या बॅटऱ्या, बाटलीबंद पाण्याऐवजी घरून भरून नेलेली बाटली, ही नेहमीची उदाहरणे आहेत. मासिक पाळीसाठी वापरायचा सिलिकॉनचा कप नीट निगा राखल्यास १० वर्षांपर्यंत टिकू शकतो. तो सर्वांनाच मानवतो असे नाही, परंतु ज्यांना मानवतो त्यांचा दर महिन्याचा खर्च आणि कचरा दोन्ही जवळजवळ संपतात.

सफाईसाठी प्रत्येक पृष्ठभागाला वेगळी बाटली लागते हे जाहिरातींनी पसरवलेले मत आहे. पाण्याच्या क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात, तेलकट थर आणि वास खाण्याच्या सोड्याने जातो, आणि उरलेल्या बहुतेक कामांना साधा साबण पुरतो. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर जो जोरकस फेस येतो तो पाहायला छान असतो, परंतु आम्ल आणि क्षार एकमेकांना निष्प्रभ करतात आणि हाती मुख्यतः खारट पाणी उरते. दोन्ही वेगवेगळे वापरावेत. संगमरवरावर व्हिनेगर घालू नये, त्याची चकाकी जाते. क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रव्य कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

कपडे आणि फोन यांबद्दल थोडक्यात सांगतो. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच घडलेला असतो, म्हणून फोन मंदावला की आधी बॅटरी बदलून पाहावी. कपड्यांचे बटण, चेन आणि उसवलेली शिवण दुरुस्त करण्याची सवय लागली की कपाट वर्षभर नवीन खरेदीशिवाय चालते. वर्षातून एखाद-दोनदाच लागणारी शिडी, ड्रिल किंवा प्रवासी पेटी उसनी मागण्यात संकोच करू नये, आणि आपल्याकडच्या वस्तू देतानाही करू नये. मोठी खरेदी मनात आली तर तिची तारीख वहीत लिहून महिनाभर थांबावे. महिन्यानंतर त्यांतल्या बऱ्याच नोंदींवर आपणच काट मारतो.

सातवी पायरी : प्रवास

दोन-तीन किलोमीटरच्या आतील फेऱ्या चालत किंवा सायकलने कराव्यात, कारण थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरांत सर्वांत जास्त इंधन खाते. वेगवेगळ्या दिवशीची कामे एकाच फेरीत बसवावीत. टायरमधील हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी, वेग एकसारखा ठेवावा, आणि दहा सेकंदांपेक्षा अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. गाडीचा खरा खर्च काढताना केवळ इंधन धरू नये. विमा, देखभाल, वाहनतळ आणि दरवर्षी घटणारी गाडीची किंमत मिळवली की बसचे किंवा रेल्वेचे तिकीट स्वस्त वाटू लागते.

आठवी पायरी : नवे उपकरण कधी घ्यावे

आता कुठे खरेदीची वेळ आली. उपकरण बदलण्याचा निर्णय एका भागाकाराने घ्यावा : नव्या उपकरणासाठी जी जादा रक्कम मोजायची, तिला वर्षाला वाचणाऱ्या युनिटच्या किमतीने भागावे, म्हणजे पैसे किती वर्षांत फिटतील ते कळते. उपकरणाचे आयुष्य त्याहून बरेच जास्त असेल तरच खरेदी करावी. ६० वॉटच्या जुन्या बल्बऐवजी तेवढाच प्रकाश देणारा ९ वॉटचा एलईडी रोज पाच तास वापरला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. जुना बल्ब साधारण १,००० तासांत जातो आणि एलईडी त्याच्या कितीतरी पट टिकतो, त्यामुळे इथे जुना बल्ब जाण्याची वाटही पाहू नये. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा सुमारे ३० वॉट. रोज दहा तास चालणाऱ्या खोलीत वर्षाला १६४ युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला, महिन्यातून एकदा फिरणारा पंखा मात्र आहे तसाच राहू द्यावा. फ्रिज, वातानुकूलन यंत्र किंवा कपडे धुण्याचे यंत्र चालू स्थितीत असताना केवळ नवे अधिक कार्यक्षम आहे म्हणून बदलण्यात क्वचितच फायदा असतो. ते मोडकळीला आल्यावर बदलताना ऊर्जाक्षमतेचे लेबल पाहून आणि आपल्या कुटुंबाला लागेल त्याच आकाराचे घ्यावे. जुना फ्रिज किंवा वातानुकूलन यंत्र भंगारात देताना त्यातला वायू सुरक्षितपणे काढणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्यावे, कारण त्यातले अनेक वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो-हजारो पटींनी अधिक उष्णता अडवतात.

वाचलेले पैसे जातात कोठे

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली असे दाखवून दिले की वाफेची यंत्रे कमी कोळशात अधिक काम करू लागल्यावर देशातला कोळशाचा एकूण वापर घटला नाही, उलट वाढला. घरातही हे घडते. एलईडी आला म्हणून दिवे रात्रभर जळत राहतात, पंख्याची वीज कमी लागते म्हणून तो बंद करायला कोणी उठत नाही, आणि सहा महिन्यांची बचत एका विमानप्रवासात उडून जाते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय साधा आहे : बिलात जी घट दिसेल तेवढी रक्कम त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावी आणि पुढच्या पायरीवरची पट्टी, जाळी किंवा दिवा त्याच खात्यातून घ्यावा, म्हणजे घरखर्चावर नवा भार पडत नाही.

तुलना करताना बिलाची रक्कम न पाहता युनिट आणि लिटर पाहावेत, कारण दर मध्येच बदलतात. तसेच हा महिना मागच्या महिन्याशी न ताडता गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून पाहावा, म्हणजे ऋतूचा फरक मध्ये येत नाही. एखाद्या आठवड्यात आकडा अकारण वाढलेला दिसला, तर घरच्यांची चौकशी करण्यापूर्वी फ्रिजच्या दारात कागद अडकवून पाहावा आणि फ्लशच्या टाकीत रंगाचे थेंब टाकावेत.